देठ बघून ओळखेल

फुलं विकत घ्यायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी पपांना सांगितलं असतं, तर हसता हसता त्यांना ठसका लागला असता. वसईला आमची फुलांची वाडी. कागडा, मोगरा, निशिगंध. शाळेत जायच्या आधी मी कळ्या मोजून पुड्या बांधायची. आणि आता पन्नाशीला टेकलेली हीच कॅरिना, दोहातल्या एका हॉस्पिटलात अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसणारी, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बुके चाळत बसली होती. डबा तसाच गार झाला.

कारण सांगते. कमलिनी येत्या शनिवारी कतार सोडून कायमची सांगलीला चालली होती. तिच्या नवऱ्याचं, हेमचंद्रचं, कॉन्ट्रॅक्ट संपलं. कमलिनी म्हणजे अकरा वर्षं अल मन्सूरात माझ्या समोरच्या दारात राहिलेली बाई. पुढे ती अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये राहायला गेली, पण तिच्या डब्यांपैकी निम्मे अजून माझ्या फडताळात होते. आणि गेले नऊ महिने मी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

फेब्रुवारीत पपा गेले. मी वसईला जाऊन, सगळं उरकून परत आले. बिल्डिंगमधले आले, चर्चमधले आले, ज्यांची नावंही मला धड ठाऊक नाहीत असे लोक येऊन माझ्याजवळ बसून गेले. कमलिनी आली नाही. तिच्या मुलीचं, भैरवीचं, लग्न तोंडावर होतं, मला माहीत होतं. पण अर्धा तास? एक मेसेज? आठ दिवस वाट बघितली आणि डोक्यात अशी तिडीक गेली, की तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. माझा राग असाच आहे. दुधासारखा उतू जातो, मग शेगडी पुसत बसायची.

त्याच आठवड्यात एक फुलांचा गठ्ठाही आला होता. पांढऱ्या लिलीच्या कळ्या, वर नाव नाही, गाव नाही. ऑफिसच्या एचआरने पाठवला असणार, असं मी धरून चालले. नाव लिहायचीही फुरसत नाही मेल्यांना! मी तो प्लॅस्टिकसकट दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी वॉचमनने उचलून नेला.

"फुलं पाठव आणि विषय मिटव," चार्ल्स म्हणाला. चार्ल्स माझा नवरा. भांडण मिटवण्यात हुशार, कारण सव्वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे.

"मम्मा, जस्ट कॉल हर," आमची अँजेलीन म्हणाली. मराठी सगळं कळतं हिला, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

"ती आली नव्हती. मीही जाणार नाही," मी म्हटलं. "फुलं जातील."

म्हणजे जाणार नव्हते, पण ती अशीच विमानात बसली असती तर ते मला सोसलं नसतं. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही, इतकंच.

पण फुलं पाठवायची म्हणजे कुणाकडून? ऑनलाइन बघावं तर डझनभर दुकानं. तीन कंपन्या निवडल्या. नावं घेत नाही, उगाच कशाला. एकीच्या चिन्हात ट्युलिप, दुसरीच्या फुगा, तिसरीच्या रिबीन बांधलेला खोका. ट्युलिपवाली म्हणे दोन तासांत पोचवते. फुगावाली केकही देते. खोकावाली सगळ्यांत महाग, तिच्या फोटोत तर फुलांपेक्षा कागदच जास्त. मी तिघींना चॅटवर विचारलं, फुलं येतात कुठून, कापली कधी, देठ पाण्यात किती वेळ होते? तिघींकडून एकच उत्तर आलं: आमची फुलं एकदम ताजी असतात, डिअर! डिअर म्हणे. वाडीवर असं उत्तर दिलं असतं तर पपांनी टोपली काढून घेतली असती हातातून.

मग मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. तिघींकडून सगळ्यांत छोटा बुके मागवायचा, एकाच दिवशी. एक घरी, एक माझ्या खिडकीवर, एक चार्ल्सच्या ऑफिसात.

"माझ्या ऑफिसात?" चार्ल्स ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बायकोचं प्रेम आहे. म्हणू देत की एकदा."

मंगळवारी तिन्ही आले. ट्युलिपवाल्यांनी दोन तासांचे साडेतीन केले. फुगावाल्यांचा माणूस वेळेवर आला, पण आधी चार वेळा फोन, लोकेशन पाठवा, लोकेशन पाठवा. खोकावाल्यांचा खोका इतका देखणा, की चार्ल्सच्या ऑफिसातल्या मुलींनी फुलांच्या आधी खोक्याचेच फोटो काढले. संध्याकाळी मी तिन्ही जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. कागद सोडले, रिबिनी सोडल्या. फुलं तिन्हीकडे उमललेली, उद्या माना टाकणार. पपा म्हणायचे, आपण कळी विकायची, फूल नाही. उमलणं घेणाऱ्याच्या घरी झालं पाहिजे, त्याचेच तर तो पैसे देतो.

मग मी देठांवरची सुतळी सोडायला घेतली आणि थांबले.

"चार्ल्स, इकडे ये. ही गाठ बघ."

"गाठ आहे. बरं?"

"अरे, तीन वेढे उलटे. टोक खालून आत खोचलेलं. डावऱ्या हाताने बांधलीय. आता ही बघ. आणि ही."

तिन्ही गाठी एकाच हाताच्या. देठही तिन्हींचे एकाच बाजूने तिरके कापलेले. तीन दुकानं, तीन भाव, तीन प्रकारचे कागद, आणि आत बांधणारा माणूस एकच!

"कुठेही जा, पळसाला पानं तीनच," चार्ल्स म्हणाला आणि टीव्हीकडे वळला.

पण मला चैन पडेना. कोण आहे हा डावखुरा? एवढी नीट गाठ बांधतो, तर कळ्या का देत नाही? फुगावाल्यांच्या माणसाचा नंबर मोबाइलमध्ये होताच, चार मिस्ड कॉल. लावला. त्याचं नाव फुजैल.

"बाई, माझ्याकडे तिन्ही अ‍ॅप आहेत," तो हिंदीत म्हणाला. "जो जास्त ऑर्डर देईल त्याची टोपी घालतो. फुलं सगळी मुऐदरहून उचलतो, नूरीबाजींकडून."

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर मी चार्ल्सला मुऐदरला न्यायला लावलं. भाजी मार्केटच्या मागे एका व्हिलाच्या आवारात पत्र्याची लांब खोली होती. आत पाऊल टाकलं आणि एसीच्या गारठ्यात तो वास आला. ओल्या देठांचा, चिरडलेल्या पानांचा, आमच्या ओटीवरचा वास. वेड्यासारखे डोळे भरून आले माझे. चार्ल्सने बघून न बघितल्यासारखं केलं.

टेबलाशी एक चाळिशीची बाई डाव्या हाताने सुतळी फिरवत होती. हीच नूरी. कोलकात्याची. भिंतीला तीन दुकानांचे कागद तीन गुंडाळ्यांमध्ये टांगलेले. मी भांडायला आले असं वाटून ती जरा सावरून बसली. मी म्हटलं, बाई, तुमची गाठ बघायला आलेय. मग ती हसली आणि तिने मला स्टूल दिलं. फुलं केनियाहून येतात, हॉलंडहून येतात, थोडी भारतातूनही. कळ्या येतात, पण लोकांना फोटोसारखं भरगच्च लागतं, म्हणून आधी बादल्यांमध्ये उमलवून मग पाठवायची. मी विचारत गेले, ती सांगत गेली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. चार्ल्स बाहेर दोन चहा पिऊन आला.

"मला एक बांधून द्या," शेवटी मी म्हटलं. "गुलाबी लिली. सगळ्या बंद कळ्या. एकही उमललेली नको. कागद नको, रिबीन नको, मधलं ते गवतही नको."

नूरीचा हात थांबला.

"हे असं मागणाऱ्या तुम्ही दुसऱ्या," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत दुसऱ्या."

"पहिलं कोण?"

"फेब्रुवारीत एक बाई आल्या होत्या. स्वतः इथे आल्या, अ‍ॅपवर नाही. पांढऱ्या लिली, सगळ्या कळ्या. एकेक देठ हातात घेऊन बघितला. रडत होत्या. म्हणाल्या, मैत्रिणीचे वडील गेलेत, त्यांची फुलांची शेती होती. घरात मुलीच्या लग्नाची मुहूर्तमेढ उभी राहिलीय, आता लग्न लागेपर्यंत दुःखाच्या घरी जाता येत नाही, सासूबाई ऐकत नाहीत. म्हणून फुलं पाठवतेय. मी विचारलं, नाव काय लिहू? म्हणाल्या, नाव नको. ती देठ बघून ओळखेल."

नूरीने हातातली सुतळी खाली ठेवली.

"कुठे पाठवली होती?" चार्ल्सनेच विचारलं.

"अल मन्सूरात."

कळी घ्यायची आणि देठ बघायचा, हे कमलिनीला मीच तर शिकवलं होतं. चपलांचा रॅक डोळ्यांसमोर आला. प्लॅस्टिकमध्ये घुसमटलेल्या त्या कळ्या, पाण्याचा थेंब नाही. तीन दिवस मी त्यांच्यावरून चपला काढल्या, घातल्या. बाजारातल्या तीन बुकेंची गाठ दोन मिनिटांत ओळखली मी, आणि जी खास माझ्यासाठी आली होती ती सोडूनही बघितली नाही! अस्सा राग आला स्वतःचा, की तिथेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

"दिव्याखाली अंधार," चार्ल्स हळूच म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "सॉरी."

"सुतळी द्या," मी नूरीला म्हटलं. "मीच बांधते."

पंधरा कळ्या निवडल्या. पपांच्या पद्धतीने बांधल्या, दोन वेढे आणि मध्ये फास. बोटं विसरली नव्हती. फुजैल ऑर्डरी न्यायला आला, तर मीही त्याच्या गाडीत चढले. कंपाउंडच्या गेटवर आतून होकार आल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मी कुठल्या तोंडाने फोन करणार होते? नंबर अजून ब्लॉकच होता. फुजैलने लावला, मॅडम, फुलं आलीत. "यल्ला, चला," म्हणून त्याने गाडी आत घातली. मागून आलेला चार्ल्स आमच्या गाडीत गेटबाहेरच थांबला.

दार कमलिनीने उघडलं. केस वर बांधलेले, हाताला पॅकिंगची टेप चिकटलेली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही आधी. देठांकडे बघितलं. मग कळ्यांकडे. मग माझ्याकडे.

"ये," ती म्हणाली.

आत सगळीकडे खोके. बसायला खुर्ची नाही. आम्ही दोघी एकेका खोक्यावर बसलो, मध्ये लिलीचा गठ्ठा माझ्या मांडीवर.

"ती उमलली होती का गं?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, मलाही सुटल्यासारखं झालं असतं. पण फुलांच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, पपांनी तसं वाढवलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "पाण्यात ठेवलीच नाहीत मी. एचआरची समजून चपलांच्या रॅकवर टाकली. तिथेच सुकली. आज मुऐदरला कळलं मला, तू पाठवली होतीस ते."

ती हाताची टेप सोलत बसली.

"नऊ महिने मी समजत होते, तू ओळखलंस," ती म्हणाली. "ओळखलंस, आणि तरी आले नाही म्हणून माफ केलं नाहीस. लग्नाहून आल्यावर फोन लावला, लागेना. किती दिवस लावत होते."

"ओळखलंच नाही गं. पपांची मुलगी मी, आणि नाही ओळखलं." एवढं म्हणाले आणि मला रडूच फुटलं. पपा गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते.

तिने मला रडू दिलं. तीही रडली. मग पदराने नाक पुसून उठली, 'स्वयंपाकघर' लिहिलेला खोका ओढला आणि त्याची चिकटपट्टी टरकन फाडली.

"अगं, बांधून झालेला खोका!"

"खलास झाला. सुरी आतच आहे," ती म्हणाली. "देठ कापायला नकोत?"

भांडं एकही बाहेर उरलं नव्हतं. मी बाथरूममधली बादली आणली. तिने सुरी माझ्या हातात दिली आणि मी एकेक देठ पाण्याखाली तिरका कापत गेले. ती कळ्या धरून उभी होती.

"कधी उमलतील?"

"शनिवारी सकाळी. दोन-चार तरी."

"विमान दुपारी तीनचं आहे."

"मग बघायला मिळतील तुला," मी म्हटलं. "पण पाणी उद्या बदलावं लागेल. मी येऊन बदलते."

"ये," कमलिनी म्हणाली. "पण आधी मला अनब्लॉक कर. नाहीतर गेटवर अडकलीस तर मी फोन कसा लावणार?"