बायकांच्या बाजूची बनाबाई

"पावसात भिजायचं हाय का त्या शिनेमात?" रंगूबाईंनी विचारलं.

"न्हाई, आक्का," बनाबाई म्हणाली.

"हाटेलातला नाच?"

"एकच नाच हाय, त्यो बी देवळात."

"आन् पळून जानं?"

"कुनी पळत न्हाई. भाऊ-भनीचा शिनेमा हाय. भाऊ पोटाला चिमटा घेऊन भनीला वाढिवतो, लगीन करून देतो. सासरी लय छळ. मग एक दिस भाऊ गाडी जुंपून न्यायला येतो, तवा सासूच दारात बसून रडती."

सासू शेवटी रडते हे रंगूबाईंना फारसं पटलं नाही. पण त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे त्यांची सून लीला भाकरी थापता थापता थांबली होती. लीलाचा नवरा लष्करात, लग्नानंतर महिन्याभरात तो परत पलटणीत गेला, आणि तेव्हापासून लीलानं घर आणि देऊळ यापलीकडे गाव पाहिलं नव्हतं.

"तू म्हनतीस म्हनून घिऊन येती सुनंला," रंगूबाई म्हणाल्या. आत भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जोरातच.

कृष्णाकाठच्या आमच्या गावात तेव्हा एकच टॉकीज होतं, तेही पत्र्याचं. मधे कंबरेइतकी भिंत, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. बायकांच्या दारावर बनाबाई असे. चावडीसमोर येत्या सिनेमाचं पोस्टर लागायचं, ते पुरुषांपुरतं. पोस्टर बघून बायका सिनेमाला गेल्या असं आमच्या गावात कधी घडलं नाही. कोणता सिनेमा बघायचा हे सासवा ठरवायच्या, आणि सासवा बनाबाईला विचारायच्या. बुधवारी ती घरोघर फिरून शुक्रवारच्या खेळाची गोष्ट सांगे. सांगायची अशी की ऐकतानाच अर्ध्या बायकांचे पदर डोळ्यांना लागत. तिने स्वतः मात्र एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता. रडणारी पोरं बाहेर ने, भांडणं सोडव, यातच तिचा खेळ सुटायचा.

गोष्ट तिला लालासाहेब सांगत. लालासाहेब म्हणजे टॉकीजचे मालक. लष्करातून सुभेदार म्हणून परत आले आणि उसाच्या पैशात हे पत्र्याचं टॉकीज उभं केलं. पुढचा सिनेमा ते आधी कोल्हापुरात जाऊन बघत आणि बनाबाईला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत. मागे एकदा त्यांनी स्वतःहून बजावलं होतं, "ह्यो तुमच्या बाजूचा न्हाई, बनाबाई. ह्या खेपंला फिरू नगंस." ती फिरली नाही. त्या आठवड्यात बायकांची बाजू ओस पडली, तरी लालासाहेब काही बोलले नाहीत. तेव्हापासून बनाबाईला त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ वाटायचा.

ती मूळची माण तालुक्यातली. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून हात सोलले, तेव्हा ती इकडे ऊसतोडीला आली आणि लालासाहेबांनी तिला दारावर ठेवून घेतलं. मागे एक खोलीही दिली. त्या दिवाळीपासून ती त्यांना भाऊबीजेला ओवाळू लागली. दादा म्हणायची.

शुक्रवारी बायकांची बाजू भरली. लीला आली ती रंगूबाईंच्या पाठीला चिकटून, पण डोळे सगळीकडे फिरत होते. पत्रा, दिवे, पडदा, पलीकडचे फेटे, सगळं तिला बघायचं होतं. बनाबाईनं तिला मधोमध जागा करून दिली.

खेळ सुरू झाला. पडद्यावर एक दारुडा नवरा आला, त्याची देखणी बायको आली, शेजारचा एक गाणारा मास्तर आला. भाऊ काही येईना. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून बनाबाई दारातून टाचा उंचावून बघत राहिली. भावाऐवजी हॉटेलातला नाच आला. पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या आणि रंगूबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

बनाबाई धावत मशीनवाल्या हरीकडे गेली. "हरी, शिनेमाची पेटी चुकली रं."

"न्हाई मावशी, ह्योच हाय. मालकांनी सोता आनलाय."

ती परत येईस्तोवर पडद्यावरची ती देखणी सून मास्तराचा हात धरून उंबऱ्याबाहेर पडत होती. रंगूबाई उठल्या. "चला गं, उठा," एवढंच म्हणाल्या. गावातली सगळ्यात कडक सासू उठल्यावर बाकीच्या काय बसणार? पोरं उचलली गेली, पदर ओढले गेले. लीला सगळ्यांत शेवटी उठली आणि मागे बघत बघत बाहेर आली.

बाहेर लालासाहेब उभेच होते.

"काय वो सुभेदार, आमच्या पोरीबाळींस्नी हे दावायला बलिवलंसा?" रंगूबाईंनी विचारलं.

"आक्का, मी बजावलं हुतं हिला, ह्यो बायकांचा न्हाई म्हनून," लालासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "हिनंच आपल्या मनानं घरोघर सांगिटलं. मी काय करू?"

बनाबाईला आधी वाटलं, दादा विसरले असतील. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते सायकलींकडे बघत होते. मग तिला कळलं की विसरलेलं काहीही नाही.

रंगूबाई तिच्याजवळ आल्या. आवाजही चढवला नाही. "तुझ्या शब्दावर सून भाईर काढली मी," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सगळं पांगल्यावर बनाबाई लालासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. "असं का केलंसा, दादा?"

"अगं, भाऊ-भनीचा शिनेमा मंगळवारीच दुसऱ्यानं नेला. टाकीज काय बंद ठेवायचं?"

"मग मला सांगायचं. मी फिरले नसते."

"म्हनूनच न्हाई सांगिटलं."

"आन् समद्या बायकांम्होरं माझ्यावर ढकललंसा त्ये?"

लालासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "मला ह्या गावात ऱ्हायचंय, बनाबाई. माझी भावकी हाय. तुझं काय, तू भाईरची. चार दिसांत इसरतील."

खडी फोडताना मुकादमानं शिव्या दिल्या होत्या, नवऱ्यानं टाकलं होतं, पण त्यातलं काहीही बनाबाईला इतकं लागलं नव्हतं. ज्याला ओवाळलं त्यानंच फसवलं, आणि वर भाईरची म्हणाला.

पुढच्या बुधवारी त्यांनी तिला नवी गोष्ट सांगितली. आंधळ्या आईला खांद्यावर घेऊन देवाला जाणाऱ्या मुलाची. तिनं ऐकून घेतली आणि नेहमीसारखी बाहेर पडली, पण गेली ती फक्त रंगूबाईंकडे. नेहमीचा चहा काही आला नाही. ती अंगणातच उभी राहिली.

"आता काय सांगायला आलीस?"

"मागल्या खेपंला मला ठाव न्हवतं, आक्का. तेवढंच सांगायचं हुतं."

रंगूबाईंनी तिला खालपासून वर न्याहाळलं. सुभेदार खोटं बोलू शकतो हे त्यांना उमगलं असावं, कारण पुढचं त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं, ह्या शुक्रवारचा कसा हाय?"

आत दाराआड लीला येऊन उभी होती. चौकटीवरच्या तिच्या बांगड्या बनाबाईला दिसत होत्या. एकदा 'चांगला हाय' म्हटलं असतं तर काम होणार होतं.

"मी बघितल्याला न्हाई," बनाबाई म्हणाली.

"मग न्हाई," रंगूबाई म्हणाल्या. बांगड्या आत गेल्या.

शुक्रवारी पुरुषांची बाजू निम्मी भरली. बायकांच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं. सांभाळायला कुणाचं पोर नाही, सोडवायला भांडण नाही, म्हणून बनाबाई आत जाऊन मधोमध बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमा पाहिला. आंधळी आई होती. तिला खांद्यावर घेतलेला मुलगा होता. वाटेतली नदी, देवळाच्या पायऱ्या, सगळं लालासाहेबांनी सांगितलं होतं तसंच. या खेपेला त्यांनी एक अक्षर खोटं सांगितलेलं नव्हतं.

खेळ सुटला. बनाबाई उठली, बायकांच्या बाजूचं दार तिनं सताड उघडलं आणि बाहेर पडायला कुणी नव्हतं तरी गर्दीला वाट देताना उभी राहायची तशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.