भाजलेले रिव्हेट

धातू अडून बसला की त्याला आच दाखवायची, एवढं एक शहाणपण रहीमभाईंना वडिलांकडून मिळालं होतं आणि त्यावर त्यांचा जन्म गेला होता. भवानी पेठेत बँडची वाद्यं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. लग्नसराई संपली की चेपलेले ट्रम्पेट आणि वाकलेले भोंगे त्यांच्याकडे यायचे. पितळ तापवून मऊ करावं, मग ते म्हणाल तसं वळतं. आता दुकान मुलगा बघायचा, आणि रहीमभाई येरवड्यातल्या आपल्या घरून रोज सकाळी शेजारच्या श्रीनिवासरावांच्या शेडमध्ये जाऊन बसायचे.

त्या शेडमध्ये विमान होत होतं. श्रीनिवासराव खडकीच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी परदेशातून दोन माणसांच्या विमानाचे सुटे भाग मागवले. घरी बांधायचं विमान, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. तेव्हापासून त्यांची मोटार उन्हात उभी होती. कुणी विचारलं तर हेमावहिनी शांतपणे सांगायच्या, "मोटार बाहेरच असते आमची. आत विमान ठेवतो."

पत्रे रिव्हेटनं, म्हणजे आरपार घालून मागचं टोक चेपायच्या खिळ्यांनी, जोडायचे होते, आणि रिव्हेट कशानं बसवायचे यावर बरेच दिवस खल चालला होता. एक होती लांब दांड्यांची पकड. रिव्हेट तिच्या जबड्यात धरायचा आणि हातानं दाबायचा. आवाज नाही, एकट्याचं काम. दुसरी हवेवर चालणारी गन. ती समोरून ठोकते आणि मागून दुसऱ्या माणसानं पोलादी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा. तिला कॉम्प्रेसर हवा, आणि धडधडाट असा की गल्ली गोळा व्हावी. श्रीनिवासरावांनी ओळखीच्या एका वैमानिकाकडून दोन्ही हत्यारं वापरून बघायला आणली होती, पण मन पकडीवरच होतं. कुणाच्या हाताची वाट बघायची नाही, हा त्यांचा स्वभाव.

पकडीनं पहिले काही रिव्हेट दाबताना ते मध्येच मनगट चोळत असलेले रहीमभाईंनी पाहिले. संधिवात होता, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. मग रहीमभाईही काही बोलले नाहीत. संध्याकाळी रिव्हेटचा डबा गुपचूप घरी नेला. अ‍ॅल्युमिनियम किती तापलं ते डोळ्याला कळत नाही, म्हणून आधी साबण चोळला आणि तो काळा पडेपर्यंत रिव्हेट शेगडीवर भाजले. निवल्यावर पुसले आणि सकाळी डबा जागेवर ठेवला.

त्या दिवसापासून रिव्हेट लोण्यासारखे दबू लागले. श्रीनिवासराव खुलले. विमानाला डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू त्यांनी एकट्यानं जोडून काढलं आणि जाहीर केलं, की हत्यार ठरलं, पकडच घ्यायची.

मग तो डबा संपला.

नव्या पाकिटातला रिव्हेट दबेना. दोन्ही हातांनी जोर लावला तर वाकडा झाला. पुढचेही तसेच. श्रीनिवासराव स्टुलावर बसले आणि मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

"रहीमभाई, हात गेले माझे," ते म्हणाले. "विकून टाकतो हे सगळं. मोटार आत येईल, हेमाचं एक बोलणं वाचेल."

रहीमभाईंना हसूच आलं. "हात कुठले जातायत? हे कच्चे आहेत अजून. मागचे मी भाजून आणले होते. द्या इकडे, हेही भाजतो."

श्रीनिवासराव हसले नाहीत. उठले, सुकाणूवरून बोट फिरवलं, आणि मग हळूहळू त्यांनी समजावलं. या रिव्हेटमध्ये ताकद कारखान्यात भरलेली असते, मोजूनमापून उष्णता देऊन. शेगडीच्या आचेनं ती निघून जाते. पितळ मऊ झालं तर भोंगा वाजायला लागतो. रिव्हेट मऊ झाला तर वर हवेत पत्रा सरकतो.

रहीमभाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. आपण या माणसाचा हात सांभाळायला गेलो आणि त्याचा जीवच घेत होतो. त्यांनी विचारलं, आता काय? सगळे रिव्हेट काढायचे, श्रीनिवासराव म्हणाले. काढताना भोकं मोठी झाली तर हा पत्रा भंगारात. आणि पुन्हा पत्रा मागवून नव्यानं सुरुवात करायची उमेद आपल्यात राहील असं त्यांना वाटत नव्हतं.

पहिल्या रिव्हेटला दोघांनी मिळून हात घातला. श्रीनिवासरावांनी बारीक ड्रिलनं त्याचं डोकं पोखरून उडवलं, रहीमभाईंनी पत्र्याला मागून लाकडाचा आधार देऊन सळईनं दांडा अलगद बाहेर ढकलला. भोकात नवा रिव्हेट घालून पाहिला. घट्ट बसला, जराही हलला नाही. दुसऱ्या भोकाचं तेच, तिसऱ्याचंही तेच. पहिली ओळ संपली. मग श्रीनिवासरावांनी चष्मा काढून पुसला.

"रिव्हेट भाजलेत, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही तुमच्या मनगटाचं सांगितलंत?"

"नाही."

"मग?"

आता मात्र दोघंही हसले, आणि हसू आवरेना. हेमावहिनी चहा घेऊन आल्या, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि कप ठेवून गेल्या.

सगळे रिव्हेट निघाल्यावर श्रीनिवासरावांनी स्वतःच गन उचलली. म्हणाले, या मनगटानं पकड जमायची नाही, हे मान्य. पण मागून धरायला माणूस लागेल. रहीमभाईंनी ठोकळा हातात घेतलाच होता. भोंग्यातला पोचा काढताना आत लोखंडी गोळा धरायचा आणि बाहेरून ठोकायचं, यातच तर त्यांची मनगटं घडली होती. गन धडधडली, ठोकळा हलला नाही, आणि पाकिटातला कोरा रिव्हेट सपाट, गोल, हवा तसा बसला. श्रीनिवासरावांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि पुढच्या भोकावर गन टेकवली.

पकड त्याच दिवशी वैमानिकाला परत गेली. रहीमभाई घरी येऊन जेवायला बसले आणि त्यांनी तिसऱ्यांदा चपाती मागितली, तेव्हा त्यांच्या पत्नी रझियाबींनी विचारलं, आज काय एवढं?

"काही नाही," रहीमभाई म्हणाले, "वाढ तू."