एका माणसापुरतं पाणी

“अम्मा, जरा मीठ दे की.”

पहिल्याच घासाला अरफात असं म्हणाला आणि अनिसाने कपाळावर हात मारला. दोन वर्षांनी पोरगा आखातातून घरी आलेला, आणि त्याच्या ताटात डाळ अळणी!

चूक हाताच्या सवयीची होती. लासुर्ण्यातल्या त्यांच्या बोअरचं पाणी खारट. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि मीठही बेतानेच टाकावं लागतं. आज मात्र तिने लाडाने पेटीतलं पाणी वापरलं होतं. ही काचेची पेटी अरफातनेच जाताना गच्चीवर बसवलेली. खालच्या काळ्या ट्रेमधलं खारं पाणी उन्हाने तापतं, वाफ वरच्या तिरक्या काचेला चिकटते आणि थेंब थेंब गोडं पाणी बाटलीत उतरतं. दिवसाला एका माणसापुरतं मिळतं. घरात माणूसही एकच होतं. आठवडाभर तिने ते साठवलं आणि स्वतः खारं प्यायली. अरफात तिकडे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात वेल्डर होता.

“पोरगं तिकडं समुद्र गोड करतंय, आन् आईच्या बोअरला खार,” शेजारची शकुबाई चेष्टा करायची.

“करार संपलाय. इंदापुरात वेल्डिंगचं दुकान टाकावं म्हणतोय. बघू,” असं अरफात फोनवर म्हणाला होता. त्या ‘बघू’वर अनिसाने मनातल्या मनात दुकानाचं शटरसुद्धा रंगवून घेतलं होतं. आशा वेडी असते, दुसरं काय!

मीठ घेऊन ती आली, तर अरफात ताटावर नाही. अंगणात नळ सोडून ओंजळीने पाणी पीत होता.

“आरं, ते खारं हाय! पेटीतलं घे की. तुझ्यासाठीच ठिवलंय.”

“नगं. तिकडं रोज तसलंच पितो. समुद्र उकळायचा, वाफ धरायची. चवच न्हाय त्याला. ह्या पाण्याची लई याद येती, अम्मा.”

अनिसाला भरून आलं. ज्याला हे पाणी गोड लागतं, तो आता कशाला परत जाईल?

मग ती रोज खाऱ्या पाण्यातच डाळ शिजवू लागली. अरफात बोटं चाटून जेवायचा. दुकानाचं नाव मात्र तो काढेना, आणि तिला विचारायचा धीर होईना.

एका दुपारी ती खोलीत डोकावली. अरफात बोअरच्या पाण्याने भरलेली बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवत होता.

“आनखी दोन वर्षं, अम्मा,” तो मान खाली घालून म्हणाला. “यायच्या आधीच सही केली हुती. सांगवंना.”

तिने बाटली हातात घेतली, झाकण जोर लावून आवळलं आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली.

“नीट ठिव,” ती म्हणाली. “न्हाय तर कापडं भिजतील.”