पुढच्या रस्त्यावरचं कुत्रं

"बाबा, इकडून नको. तिकडे कुत्रं आहे," लेक म्हणाली आणि बापाचा हात ओढून कोपऱ्यावरच उभी राहिली.

ते कुत्रं बापानंच सोडलेलं होतं. पुढच्या रस्त्यावर कुत्रं कधी नव्हतंच. तिथं होतं ते किराणा दुकान.

बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. दोन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून घरी बसला. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण पायच प्लॅस्टरमध्ये असला तर आखडायचा कसा? पगार बंद आणि पोटं चालू. त्या महिन्यांत सगळा किराणा उधारीवर आला. दुकानदारानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही, की पुढे कधी पैशाचं विचारलं नाही. लिफ्टवाल्याला नेमकं तेच झोंबायचं. चार शब्द ऐकवले असते तर उलटून रागावता तरी आलं असतं. पाय बरा झाला तसा तो मागच्या गल्लीतून, गटार ओलांडून जाऊ लागला. लेकीनं कारण विचारलं तेव्हा त्यानं चावऱ्या कुत्र्यावर ढकललं.

उधारी फेडली ती बायकोनं. याचा बाहेरचा चहा बंद झाला, तिची बस बंद झाली, आणि उरेल ते डाळीच्या रिकाम्या डब्यात पडू लागलं. लोकांचं तळं थेंबाथेंबानं साचतं. हिचं आधीच साचलेलं होतं, ते ती थेंबाथेंबानं उपसत होती. दर महिन्याला तीच दुकानात पैसे देऊन यायची.

आज मात्र शेवटची रक्कम तिनं नवऱ्याच्या हातात ठेवली. "एवढे तुम्ही नेऊन द्या," म्हणाली. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. कोपऱ्यावर अडलेल्या लेकीला, दुकानदारानं कुत्रं बांधून ठेवलंय असं सांगून, तो दुकानात घेऊन आला.

दुकानदारानं पैसे न मोजता गल्ल्यात टाकले आणि पाय कसा आहे ते विचारलं. थंडीत दुखतो, असं लिफ्टवाल्यानं सांगितलं. संपलंच की सगळं! यासाठी आपण दीड वर्ष गटारं ओलांडली, या विचारानं त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो निघणार, तेवढ्यात लेकीनं काउंटरखाली वाकून पाहिलं.

"काका, तुमचं चावरं कुत्रं कुठंय?"

"माझं कुत्रं?" दुकानदार हसला. मग त्यानं लिफ्टवाल्याकडे पाहिलं. लिफ्टवाला मान खाली घालून पोत्यातला तांदूळ निरखत होता.

"होतं गं बाळा," दुकानदार म्हणाला. "गेलं आता."

"कुणाला चावलं होतं?"

"छे गं. साधं भुंकलंसुद्धा नाही कधी. माणसंच उगाच लांबून जायची."

काहीतरी बोलायला हवं म्हणून लिफ्टवाल्यानं अर्धा किलो साखर मागितली, आणि रोख पैसे दिले.