माझी जाळी कुणी काढली?

मित्रांनो, मी कागद कापायची जुनी मशीन आहे आणि माझ्या पात्याने एका बाईची दोन बोटं तोडली आहेत. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आताच उठा.

माझं अंग ओतून झालं, पात्याला धार लागली, आणि सगळ्यात शेवटी माझ्यापुढे एक लोखंडी जाळी बसवली. पायाने पट्टी दाबली की माझं पातं पडतं. पण जाळी पूर्ण खाली आल्याशिवाय ते जागचं हलत नसे. मला घडवणाऱ्या मिस्त्रीला माणसांचे हात चांगले ठाऊक होते.

वह्या बांधायच्या एका कारखान्यात मी आयुष्य काढलं. माझ्यावर काम करायची ताई. डावखुरी. गठ्ठा असा ठोकून लावायची, की एक पान इकडचं तिकडे होत नसे. तिची शिवण तर गिऱ्हाइकं वही उलटीपालटी करून बघायची.

मालकाच्या डोळ्यांत जाळी खुपायची. "दर कापाला ही वरखाली करायची, निम्मा दिवस यातच जातो!" असं म्हणत त्याने एके सकाळी पाना घेतला, जाळी काढली आणि ती खाली आली की दबणारी माझी खिट्टी तारेने कायमची दाबून बांधली.

ताई म्हणाली, "मालक, हात जाईल कुणाचा तरी."

"हात जागेवर ठेवा म्हणजे झालं," तो म्हणाला.

चौथ्याच महिन्यात तो दारातून ओरडत होता, "आवरा, टेम्पो थांबलाय!" वरचा कागद सरकला. ताईने तो डाव्या हाताने सारखा केला आणि घाईत तिचा पाय पट्टीवर पडला. पातं खाली आलं. त्याला अडवणारी जाळी फडताळावर धूळ खात पडली होती.

ताई कोर्टात गेली. मालकाने हात वर केले. शेवटी न्यायाधीशबाई स्वतः कारखान्यात पाहणीला आल्या.

मालकाचे वकील म्हणाले, "जाळी असती तरी हे झालंच असतं. घाई बाईंची, पाय बाईंचा. जाळीचा संबंध काय?"

"बघूच या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

त्यांच्याबरोबर आलेल्या सरकारी तपासनिसाने खिट्टीची तार सोडून जाळी बसवली. एका हातमोज्यात चिंध्या भरून तो पात्याखाली ठेवला. जाळी मोज्यावर अडली. त्याने पट्टी दाबली. मग सगळा भार टाकून दाबली. मी ढिम्म हलले नाही. मग त्याने जाळी काढली, तार पुन्हा बांधली आणि पट्टी दाबली. मोज्याची बोटं टपकन जमिनीवर पडली.

ताईने आपला हात पाठीमागे नेला.

वकील मात्र थांबले नाहीत. "बरं, पण गेलंय काय? दोन बोटं, तीही डाव्या हाताची."

"मी डावखुरी आहे," ताई म्हणाली.

"मग उजव्याने शिका. नाहीतर दुसरं काम बघा."

"बघीन की, पोट आहे मला. पण वीस वर्षांत या हातात जे आलं होतं, ते त्या हाताला कोण शिकवणार? तुम्ही?"

निकालाचा कागद मालकाने माझ्यावरच पसरून वाचला. जाळी काढली म्हणूनच बोटं गेली. औषधपाणी, बुडालेली मजुरी, पुढची कमी होणारी कमाई, सोसलेल्या यातना, सगळ्याची भरपाई मालकाने द्यायची. फक्त हात आत असताना पाय पट्टीजवळ ठेवला, म्हणून पाचातला एक भाग ताईच्या माथी. तेवढीच ओळ मालकाला आवडली. येईल त्याला सांगायचा, "कोर्टच म्हणतंय, चूक तिचीपण आहे." उरलेले चार भाग आपल्या माथी आहेत, हे मात्र गिळून टाकायचा मेला!

ताई शेवटची आली ती आपल्या सुया आणि कात्री न्यायला.

"झालं ना समाधान?" मालक फिस्कारला.

ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता लाथ बसणार. मी ती खाल्लीही असती. ती मालकाकडे वळून म्हणाली, "हिच्यावर माझा राग नाही. हिला कळत नाही. तुम्हाला मी सांगितलं होतं."

सुया आणि कात्री पिशवीत टाकून ती रस्त्याला लागली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेही काही मालक होतील. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. तेल नाही घातलंत, तर फार तर मी कुरकुरेन. पण समोरचं माणूस "हात जाईल" म्हणालं, तर तिथेच थांबा आणि ऐका. नंतर न्यायाधीशबाई कितीही भल्या असल्या, तरी त्यांना निकालच लिहिता येतो. बोट परत लावता येत नाही.