आश्रुबाची मंडळी

“नवऱ्याचं नाव सांगा, बाई. यादीत मनकर्णा दोन आहेत.”

मतदान अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं, तशी त्या बाईनं पदर आणखी पुढं ओढला. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं कसं घ्यायचं? तिच्याऐवजी ज्यांनी ते सांगितलं असतं, त्या तिच्या गावच्या बाया मत देऊन केव्हाच पुढं निघून गेल्या होत्या.

बावन्न सालची पहिलीच निवडणूक. दिल्लीला कोणाला पाठवायचं ते ठरवायला आसपासच्या खेड्यांतली माणसं बोरीच्या शाळेत लोटली होती. बायकांच्या रांगेला मुंजाजी पाणी पाजत होता. हे काम त्यानं पाटलाकडून मागून घेतलं होतं.

मनकर्णा एकेकाळी त्याची बायको होती. रझाकारांच्या धामधुमीत तो तुरुंगात पडला आणि त्याला गोळी घातल्याची खोटीच बातमी गावात आली. पोलीस ॲक्शन झाल्यावर सुटून तो घरी आला, तोवर तिच्या बापानं तिचा दुसऱ्या गावच्या आश्रुबाशी पाट लावून दिला होता. ती पोटुशी होती. भावकीनं त्याला पंचायत बसवायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. दुसरं लग्नही केलं नाही. तिच्या गावावरून जाणारी वाटच त्यानं सोडली. आज मात्र तिचं गाव बोरीला मतदानाला येणार होतं.

“नाव नसेल तर मत नाही. घरी जा,” अधिकारी म्हणाला.

मनकर्णा लेकराला काखेत घेऊन माघारी वळली. मुंजाजीनं घागर खाली ठेवली.

“आश्रुबा लिंबाजी,” तो म्हणाला. “त्याची मंडळी हाय ती.”

अधिकाऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. ओळखता का, असं विचारलं.

“वळखतो.”

तिच्या बोटाला शाई लागली. ती पडद्याआड गेली, मत देऊन बाहेर आली आणि घागरीपाशी थांबली. तिनं ओंजळ धरली नाही.

“तुमी सुटून आलाव, ते कळलं हुतं,” ती हळूच म्हणाली. “लय दिवस वाटंकडं बघितलं. भांडायला तरी येताल, असं वाटलं.”

लेकराचे ओठ सुकले होते.

“लेकराला पाज,” तो म्हणाला.

तिनं लेकराला खाली उभं करून ओंजळ पुढं केली. त्यानं बारीक धार धरली. लेकरू तिच्या हातातून घटाघटा प्यालं, त्याच्याकडं बघून हसलं. मग लेकराला उचलून, ओल्या हातानंच पदर सावरून ती निघाली. शाळेच्या भिंतीला वळसा घालून दिसेनाशी झाली. तिनं वळून पाहिलं नाही.

रांगेतली पुढची म्हातारी ओंजळ धरून उभी होती. मुंजाजीनं घागर वाकवली.

“बाबा,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “पानी भुईवर पडायलंय.”