दिवेबाबांचे जागते दिवे

गाड्यांच्या दिव्यांच्या दुकानासमोर एवढी गर्दी, की मुंगीलाही आत शिरायचं तर कुणाच्या तरी खांद्यावरून जावं लागलं असतं. मधोमध शाळेच्या मुलांची व्हॅन. तिच्या बंपरवर दिवसा लावायच्या दिव्यांच्या दोन कोऱ्या पट्ट्या. इंजिन बंद, किल्ली मालकाच्या मुठीत, आणि दिवे मात्र लखलखीत!

"बघताय ना?" दुकानदार डोळे मिटून म्हणाला. त्याला सगळे दिवेबाबा म्हणत. "मालक सुखरूप उतरला का, याची खात्री करून घेतायत. समोरून संकट आलं, तर हे त्यालाच वळवतील. निजा आता, लेकरांनो..." त्याने बंपर थोपटला, काहीबाही पुटपुटला. जरा वेळाने दिवे विझले. गर्दीने असा सुस्कारा सोडला, की समोरचं शटर थरथरलं म्हणे.

दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र भुवई चढवून उभ्या होत्या. व्हॅन त्यांच्या धाकट्या दिराची. तिचे ब्रेक कधीचे करकरत होते, आणि तिच्यातूनच बाईंची लेक शाळेत जायची.

"वहिनी, ब्रेकचं बघू सावकाश," दीर खुशीत म्हणाला. "आता दिवे आहेत ना सांभाळायला!"

बाई व्हॅनपुढे येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, बॉनेट उघडा."

"आत डोकावलं की शक्ती जाते!" दिवेबाबा कळवळला.

"तोंड न उघडता दात बघायची विद्या मला नाही येत, बाबा."

बाईंनी पर्समधून दात तपासायचा चिमुकला आरसा काढला आणि बॅटरीमागे सरकवला. तिथे काडेपेटीएवढी डबी लपली होती. तिच्या तारा थेट बॅटरीला. किल्लीकडे एकही नाही. बाईंनी शेजारच्या टायरवाल्याकडून बॅटरी चार्जर मागून आणला, चिमटे लावले, खटका दाबला.

दिवे लागले! व्हॅन रिकामी, इंजिन थंड.

"बाबा, आता कोण उतरलं हो?" मागून कुणीतरी ओरडलं.

"आज... त्यांचं मन थाऱ्यावर नाही."

"त्यांना मनच नाही," बाई म्हणाल्या. "इंजिन चालू झालं की बॅटरी चार्ज होते, व्होल्टेज चढतं, डबी दिवे लावते. आत्ता चार्जरनेही तेच केलं. इंजिन बंद केलं की व्होल्टेज हळूहळू उतरतं, म्हणून दिवे मागाहून विझतात. तेवढा वेळ हे पुटपुटतात. आता कुणीही पुटपुटू नका."

त्यांनी चिमटे काढले. सगळे चिडीचूप. दिवे आपसूक विझले.

दिराची मान खाली. "काढून टाकू का, वहिनी?"

"कशाला? दिवे चांगलेच आहेत. दिवसाही गाडी लांबून दिसेल. पण दिसणं वेगळं आणि थांबणं वेगळं, भाऊजी. थांबवायला ब्रेकच लागतो. आणि मंडळी, उघडून बघू नका असं जो सांगेल, त्याचं आधी उघडून बघा!"

दीर स्टिअरिंगवर बसला, पण त्या करकरत्या ब्रेकवर इंजिन चालू करायला धजेना. तेव्हा चमत्कार बघायला आलेल्या त्याच गर्दीने व्हॅन ढकलत गॅरेजात नेली. वाटभर दिवे गाढ झोपलेले होते, आणि संकट काही कुणाला भेटलं नाही.